अल्कोहोलची वाफ ओळखणारी पॉर्फिरिनची प्लेट कशी बनवावी

पॉर्फिरिन म्हणजे मधोमध धातू धरू शकणारा कड्यासारखा रंगीत रेणू. त्याच्या जस्त-टेट्राफिनाइलपॉर्फिरिन या प्रकारात मधल्या जस्ताला एक जागा मोकळी असते. अल्कोहोलचा ऑक्सिजन तिथे सैलसर बसतो आणि रंग जरासा सरकतो. अमाइनमुळे (नायट्रोजनयुक्त संयुगांमुळे) होतो तसा डोळ्यांत भरणारा बदल मात्र इथे मिळत नाही. म्हणून 2000 साली इलिनॉय विद्यापीठात सस्लिक आणि रेको यांनी दाखवलेला मार्ग धरावा: वेगवेगळ्या धातूंच्या पॉर्फिरिनचे ठिपके, वाफेआधीचा नि वाफेतला स्कॅन, आणि दोन्हींची वजाबाकी.

जस्त बसवणे. 100 मिग्रॅ टेट्राफिनाइलपॉर्फिरिन 30 मिली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा. झिंक असिटेट डायहायड्रेट 180 मिग्रॅ (साधारण पाचपट मोल) 5 मिली मेथेनॉलमध्ये घालून त्यात ओता आणि तासभर रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत भांड्यातच पडेल असं उकळवा). सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). झालं की नाही हे स्पेक्ट्रम सांगतो: दृश्य भागातले चार पट्टे जाऊन दोनच उरतात आणि 647 नॅनोमीटरजवळचा पट्टा नाहीसा होतो. मग पाण्याने धुऊन, कोरडं करून द्रावक उडवा.

बहुतेक प्लेट इथेच बिघडतात. वापरलेलं मेथेनॉल जस्तावर चिकटून राहतं, म्हणजे जागा आधीच भरलेली! पूड निर्वातात 80 अंशांवर काही तास ठेवा. पुढच्या द्रावणासाठी क्लोरोफॉर्म नकोच: बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत टिकाऊपणासाठी 0.5 ते 1 टक्का इथेनॉल असतं, आणि जुन्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक आम्ल जस्त उपटून काढतं. डायक्लोरोमिथेन घ्या, पण त्याच्याही लेबलावर स्थिरक (टिकाऊपणासाठी घातलेला पदार्थ) कोणता ते वाचा. अमिलीन चालेल, अल्कोहोल नाही.

ठिपके. जस्ताचं पॉर्फिरिन 6.8 मिग्रॅ 5 मिली डायक्लोरोमिथेनमध्ये घाला (2 मिलीमोलर). त्याच ताकदीची मँगनीज क्लोराइडवाल्या पॉर्फिरिनची (7.0 मिग्रॅ) आणि बिनधातूच्या पॉर्फिरिनची (6.1 मिग्रॅ) द्रावणं करा. बिनधातूचा ठिपका पहारेकरी: तो हिरवा झाला तर आम्लाची वाफ आली असं समजा, अल्कोहोल नव्हे. प्लेट सी-18 रिव्हर्स फेजची (पाणी न धरणारा लेप असलेल्या सिलिकाची) हवी. साधी सिलिका पाणी ओढते आणि आर्द्रतेचंच माप देते. प्रत्येकाचे 1 मायक्रोलिटरचे तीन ठिपके द्या.

मोजणी. सीसीडी (आरसे-भिंगांचा) स्कॅनर वापरा. सीआयएस प्रकारात (संवेदक काचेला लागून असतो) काचेपासून मिलिमीटरभर वर गेलेलं चित्र धूसर येतं. सपाट तळाच्या 250 मिलीच्या झाकणवाल्या काचभांड्यात प्लेट ठिपके खाली करून, 1 मिमीच्या आधारांवर ठेवा. आर्द्रता सारखी करायला आत मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाची वाटी अर्धा तास ठेवा (25 अंशांवर सुमारे 33 टक्के), पण अल्कोहोल टाकण्याआधी ती काढून घ्या, नाहीतर अल्कोहोल तीच पिऊन टाकेल.

पहिला स्कॅन घ्या. 1 टक्का वाफेसाठी गाळणकागदाच्या तुकड्यावर इथेनॉल 6, मेथेनॉल 4 किंवा 1-प्रोपेनॉल 7.6 मायक्रोलिटर टाकून तो भांड्यात सोडा. पाच मिनिटांनी भांडं न हलवता, झाकण न उघडता पुन्हा स्कॅन करा, कारण हवा लागली की रंग मागे फिरतो. रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद, फाइल टिफ. जेपेग रंग पुसतं. ठिपक्याच्या मधल्या भागाची लाल-हिरवा-निळ्याची सरासरी काढून वजा करा. कड सोडा, तिथे द्रावण वाळताना रंग साचतो. अल्कोहोल न टाकता तीच कृती करून मिळालेला फरक हा तुमचा गोंगाट. त्याच्या तिप्पट नसेल तर उत्तर धरू नका.

बाटलीच्या तोंडावर प्लेट धरून मेथेनॉल-इथेनॉलची तुलना करणं फसवं आहे. 20 अंशांवर मेथेनॉलचा बाष्पदाब सुमारे 13 किलोपास्कल, इथेनॉलचा 5.9, म्हणजे मेथेनॉलचे रेणूच दुपटीहून जास्त.

प्लेट अंधारात ठेवा. उजेडात पॉर्फिरिन ऑक्सिजनला चेतवून स्वतःलाच विरंजित करतं. आणि दारूत मेथेनॉल आहे का हे यावर कधीही ठरवू नका: इथेनॉलचा ढीग त्याला झाकून टाकतो. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीच (वाफेतले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) लागते.