तंजावरच्या दप्तरात संगीत शोधताना

तंजावरच्या मराठी राजवटीतील संगीतावर काम करू इच्छिणारा नवा अभ्यासक सरस्वती महाल ग्रंथालयात गेला की आधी संगीतविषयक पोथ्यांची सूची मागतो. दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीपुरते (१७९८ ते १८३२) पाहिले, तर एवढ्याने भागत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या सूचीत शास्त्रग्रंथ भेटतात. प्रत्यक्ष गायले-नाचलेले साहित्य मात्र नाटके, पदे आणि कीर्तनोपयोगी आख्याने यांत विखुरलेले असते, आणि कलावंतांचे वेतन, बिदागी, वाद्यांची खरेदी असा तपशील हवा असेल तर मोडी कागदांकडेच वळावे लागते.

म्हणून राग ओळखता येण्याइतकेच मोडी वाचता येणे मी आवश्यक मानतो. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि मराठी दरबारी कागदांवर शुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी संख्याशब्दांत लिहिण्याची रीत होती. ‘खमस अशर मयातैन व अलफ’ म्हणजे १२१५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८१४ येते, मात्र हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. कागदांच्या तारखा लावताना हा एक वर्षाचा फरक फार महागात पडतो.

सरफोजींच्या नावावरील मराठी निरूपणे हा या संग्रहाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे मला वाटते. एकाच कथेभोवती अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाणा असे नृत्यप्रकार क्रमाने गुंफलेले असून भाषा मराठी, तर राग-ताल कर्नाटकी आहेत. याच दरबाराशी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू निगडित होते, आणि भरतनाट्यमच्या आजच्या मांडणीचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यामुळे ही निरूपणे त्यांच्या रचनांशेजारी ठेवून वाचावीत.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना रागनामे चकवतात. कर्नाटकी भैरवी म्हणजे आपली भैरवी नव्हे. आपल्या भैरवीचे स्वर तिकडच्या तोडीला जवळचे आहेत, आणि आपली तोडी तिकडे शुभपंतुवराळीच्या अंगाने जाते. तेव्हा पोथीवर ‘भैरवी’ दिसताच पेटी पुढे ओढू नये. तुळजाजी राजांचा ‘संगीतसारामृत’ हा अठराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आधी चाळला, तर तंजावरातील रागविचाराची पूर्वपीठिका कळते.

मूळ पोथी मागण्यापूर्वी ग्रंथालयाने स्वतः छापलेल्या आवृत्त्या पाहाव्यात, म्हणजे जीर्ण पाने विनाकारण हाताळली जात नाहीत. राग आणि ताल नोंदलेले असले तरी तेवढ्यावरून चाल सिद्ध होत नाही. ती बसवायची असल्यास वर्ण-पदांची परंपरा जाणणाऱ्या एखाद्या नट्टुवनारांची (पारंपरिक नृत्यगुरूंची) मदत घ्यावी आणि प्रबंधात तिला ‘पुनर्रचना’ असेच म्हणावे.