फ्लोराईडबद्दल गावात बोलताना या चुका टाळा

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात पाण्यातल्या फ्लोराईडवर काम करणाऱ्या नव्या मुलामुलींसोबत मी गावोगाव फिरते. दर वर्षी चेहरे बदलतात, चुका त्याच असतात.

सगळ्यात महागात पडते ती ‘पाणी दूषित आहे’ एवढं सांगून मोकळं होण्याची चूक. एका गावात आमच्याच चमूने ती केली. तिथल्या हापशीच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराईड निघालं होतं. मर्यादा १ मिलिग्रॅमची, दुसरी सोयच नसेल तर १.५ ची. ग्रामसभेत आकडे सांगून आम्ही परतलो. तीन आठवड्यांनी गेलो तर एका मावशींच्या चुलीवर गंजभर पाणी खदखदत होतं, शेजारी पऱ्हाट्यांचा भारा. “तुम्हीच सांगितलं ना पाणी खराब आहे म्हणून? पोरांसाठी रोज उकळतो.”

मावशींचं काहीच चुकलं नव्हतं. गॅस्ट्रोच्या, काविळीच्या साथीत आपणच वर्षानुवर्षं सांगत आलो, दूषित पाणी उकळून प्या. उकळून जंतू मरतात. फ्लोराईड खडकातून पाण्यात विरघळून येतं, ते वाफेबरोबर जात नाही. पाणी आटतं आणि तेवढंच फ्लोराईड कमी पाण्यात उरतं. गाळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही ते जात नाही. म्हणजे तीन आठवडे त्या घराने सरपण जाळलं, धूर खाल्ला आणि पोरांना आधीपेक्षा वाईट पाणी पाजलं, आमच्या एका शब्दापायी.

तेव्हापासून मी ‘दूषित’ म्हणतच नाही. ‘या हापशीचं पाणी धुण्याभांड्याला चालेल, पिण्याला आणि स्वयंपाकाला नको’ असं सांगते आणि पिण्याचं कुठून भरायचं ती विहीर तिथेच नाव घेऊन सांगते. उघड्या विहिरीत फ्लोराईड बहुधा कमी असतं, पण जंतू असतात. ते पाणी मात्र उकळायचंच. विहीर तपासलेली नसेल तर सभा पुढे ढकलते. “ताई, दोन दिवसांत पाच गावं उरकायची आहेत,” असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पाच गावांच्या सह्या मिळतात, समजत एकालाही नाही.

दुसरी चूक दातांच्या फोटोंची. एका शाळेत पिवळे, खड्डे पडलेले दात पडद्यावर दाखवले आणि सगळा वर्ग एका मुलीकडे वळून बघू लागला. ती तास संपेपर्यंत तोंडावर पंजा धरून बसली. जास्त फ्लोराईडचे हे डाग दात हिरडीखाली घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत पडतात. घासून जात नाहीत. मी आता फळ्यावर खडूने दात काढते आणि पहिलं वाक्य हेच बोलते, की दात न घासल्याने हे होत नाही.

बाकी थोडक्यात. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची सभा ठेवू नका, बाया रानात असतात. प्रत्येक गुडघेदुखीला फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराईडने होणारा दात-हाडांचा आजार, म्हणू नका, डॉक्टरांकडे पाठवा. ‘पिऊ नका’ची खूण म्हणून नुसता लाल रंग मारून हापशी सोडून जाऊ नका, पाणी भरणाऱ्या बाईला कारण सांगा. आणि निकाल दडवू नका. ज्या घरासमोरच्या हापशीतून बाटली भरली, त्या घरी मी मराठीत लिहिलेली चिठ्ठी हातात देते, वाचून दाखवते, मगच पंचायतीच्या भिंतीवर लावते.