'तेनेर' चालवताना: एका अनियमित स्पॅनिश क्रियापदाची रूपे

शाळेत संस्कृतच्या तासाला 'देव' शब्द चालवलेल्या वाचकाला रूपे चालवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. स्पॅनिश शिकताना तीच सवय क्रियापदांसाठी लागते, आणि अनियमित क्रियापदांपैकी सुरुवातीलाच गाठ पडते ती 'तेनेर' या क्रियापदाशी. 'जवळ असणे', 'बाळगणे' असा त्याचा अर्थ होतो. सगळ्या काळांतली रूपे ओळीने पाठ करण्यापेक्षा या क्रियापदाची मोजकी अंगे, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी धातूला येणारी रूपे, ध्यानात ठेवावीत आणि कोणत्या काळात कोणते अंग येते ते समजून घ्यावे, असे माझे मत आहे. खाली स्पॅनिश रूपे देवनागरीत लिहिताना आघात, म्हणजे उच्चारताना एका अक्षरावर येणारा जोर, ज्यावर पडतो तो इकार किंवा उकार दीर्घ लिहिला आहे. स्पॅनिशमधला त हा आपल्या त सारखाच दंत्य असल्यामुळे उच्चाराचा निम्मा प्रश्न मराठी माणसापुरता सुटलेलाच असतो.

रूपांकडे वळण्याआधी कर्ता बदलावा लागतो. मराठीत 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला ताप आहे' अशा वाक्यांत असणारी वस्तू हाच कर्ता असतो आणि माणूस 'मला' किंवा 'माझ्याकडे' होऊन बाजूला उभा राहतो. स्पॅनिशमध्ये माणूसच कर्ता होतो: 'तेंगो उन कोचे', 'तेंगो दोस एर्मानोस', 'तेंगो फ्येब्रे'. भूक, तहान, भीती, घाई आणि वयसुद्धा याच क्रियापदाने सांगतात. 'तेंगो वेइंते आन्योस' म्हणजे मी वीस वर्षांचा आहे. 'मला'चे शब्दशः भाषांतर करून 'आ मी तेंगो' असे लिहिण्याचा मोह सुरुवातीला अनेकांना होतो, आणि तो तिथेच आवरलेला बरा. 'यो' म्हणजे 'मी' हे सर्वनाम बहुधा गाळतात, कारण 'येईन' म्हटल्यावर 'मी' वेगळे सांगावे लागत नाही तसे 'तेंगो' म्हटल्यावर कर्ता कळतोच.

वर्तमानकाळाची रूपे अशी: यो तेंगो, तू त्येनेस, एल (तो) किंवा एया (ती) त्येने, नोसोत्रोस (आम्ही) तेनेमोस, वोसोत्रोस (तुम्ही, अनेकजण) तेनेइस, एयोस (ते) त्येनेन. द्वितीय पुरुषी 'तू' दोन्ही भाषांत एकच आहे, ही एक सोय. आदरार्थी 'उस्तेद' मात्र तृतीय पुरुषी रूप घेते, म्हणजे 'उस्तेद त्येने'. 'साहेबांनी बसावे' असे समोरच्यालाच तृतीय पुरुषात म्हणण्याची आपली जुनी रीत ज्यांना आठवते, त्यांना हे विचित्र वाटणार नाही. 'वोसोत्रोस' हे रूप स्पेनमध्ये चालते. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी 'उस्तेदेस त्येनेन' म्हणतात, त्यामुळे मेक्सिको किंवा कोलंबियातल्या लोकांशी कामापुरते बोलायचे असेल तर प्रत्येक काळात पाचच रूपे पुरतात.

या सहा रूपांत तीन अंगे दिसतात: तेंग, त्येन आणि तेन. 'तेंगो'मधला ग फक्त प्रथम पुरुषी एकवचनात येतो आणि तो लक्षातच ठेवावा लागतो. त्येन आणि तेन यांची अदलाबदल मात्र आघातावर ठरते. आघात धातूवर पडला की त्यातला ए फुटून त्याचा 'ये' होतो. आघात प्रत्ययावर सरकला, जसा तो 'तेनेमोस' आणि 'तेनेइस'मध्ये सरकतो, की धातू पुन्हा साधा होतो. आपल्याकडे 'मूल' या शब्दाला प्रत्यय लागला की 'मुलाला' होऊन दीर्घ ऊ आखडतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'वोस' वापरतात आणि त्याचे रूप 'तेनेस' होते. तिथे आघात शेवटच्या अक्षरावर आहे, म्हणून 'ये' नाही.

भूतकाळात खरी कसोटी लागते, कारण स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत. 'इंपेर्फेक्तो' हा चालू राहिलेल्या स्थितीचा काळ, आणि त्यात 'तेनेर' अगदी नियमित वागते: तेनीआ, तेनीआस, तेनीआ, तेनीआमोस, तेनीआइस, तेनीआन. 'इंदेफिनीदो' हा घडून पुरे झालेल्या घटनेचा काळ, आणि त्यात धातू ओळखू येणार नाही इतका बदलून 'तुव' होतो: तूवे, तुवीस्ते, तूवो, तुवीमोस, तुवीस्तेइस, तुव्येरोन. नियमित 'कोमेर' म्हणजे 'खाणे' या क्रियापदाची 'कोमी', 'कोम्यो' ही रूपे आघात शेवटी घेतात. 'तूवे' आणि 'तूवो' तो आधीच्या अक्षरावर घेतात आणि त्यांच्यावर आघातचिन्ह लिहीत नाहीत. 'कोमी'च्या चालीवर 'तेनी' असे रूप बनवणे ही हमखास होणारी चूक आहे. एक दिलासा म्हणजे मराठीतल्या 'होता' आणि 'होती'सारखा लिंगभेद येथे नाही. 'तूवो' तोही आणि तीही.

दोहोंपैकी कोणता भूतकाळ घ्यावा, हे नियमांपेक्षा मराठीच चांगले शिकवते. 'तेनीआ उन ईहो' म्हणजे तिला एक मुलगा होता, आणि 'तूवो उन ईहो' म्हणजे तिला मुलगा झाला. क्रियापद तेच असून केवळ काळ बदलल्याने 'होता'चे 'झाला' होते. 'तेनेर के' ही रचना घेतली की हा फरक आणखी उघड होतो, कारण तिचा अर्थ 'करावे लागणे' असा आहे. 'आयेर तूवे के इर आल बांको' म्हणजे काल मला बँकेत जावे लागले, आणि बोलणारा गेला हे त्यातच आले. 'तेनीआ के इर आल बांको' म्हणजे मला बँकेत जायचे होते. गेला की राहून गेले, ते पुढच्या वाक्यात कळेल. 'लागले' आणि 'जायचे होते' यांतला फरक आपण विचार न करता पाळतो, म्हणून स्पॅनिश वाक्य बनवण्याआधी मनात मराठी वाक्य म्हणून पाहावे आणि मग रूप निवडावे.

भविष्यकाळाला 'फुतूरो' म्हणतात. नियमाने येथे 'तेनेर' या पूर्ण रूपाला प्रत्यय लागून 'तेनेरे' व्हायला हवे होते, पण बोलण्याच्या ओघात मधला ए गळाला, न आणि र एकमेकांना भिडले आणि त्यांच्यामध्ये जीभ आपसूक द उच्चारू लागली. म्हणून तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा, तेंद्रेमोस, तेंद्रेइस, तेंद्रान. 'वानर'चे बोलीत 'वांदर' झाले तेही जिभेच्या याच सोयीने. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या वाचकांना हेच क्रियापद 'तेर' या रूपात परिचित असेल, पण तिथे भविष्यकाळात हा द नसतो, तेव्हा दोन्ही भाषा येणाऱ्यांनी सरमिसळ टाळावी. 'तेंद्रा त्रेइंता आन्योस' याचा अर्थ 'तो तीस वर्षांचा होईल' असाही होतो आणि 'तो तीसेक वर्षांचा असेल' असा अंदाजही होतो. मराठीतले 'असेल' नेमके हेच दुहेरी काम करत असल्यामुळे हा वापर शिकवताना मला कधी वेळ घालवावा लागलेला नाही.

याच 'तेंद्र' अंगाला 'इंपेर्फेक्तो'सारखे प्रत्यय लावले की 'कोंदिस्योनाल', म्हणजे 'तर असे झाले असते' असे सांगणारे संकेतार्थी रूप, तयार होते: तेंद्रीआ, तेंद्रीआस, तेंद्रीआ, तेंद्रीआमोस, तेंद्रीआइस, तेंद्रीआन. त्याच्या जोडीला बहुधा 'सुबहुंतीवो'चा, म्हणजे इच्छा, शंका, कल्पना सांगणाऱ्या क्रियारूपाचा, भूतकाळ येतो, आणि तो बनवण्याची युक्ती कोणत्याही क्रियापदाला लागू पडते. 'इंदेफिनीदो'चे तृतीय पुरुषी अनेकवचन घ्यावे, शेवटचे 'रोन' काढावे आणि 'रा' लावावा. 'तुव्येरोन'वरून 'तुव्येरा' होते. 'सी तुव्येरा दिनेरो, तेंद्रीआ उना कासा' म्हणजे माझ्याकडे पैसे असते तर माझे घर असते. मराठी दोन्हीकडे 'असते' वापरते, स्पॅनिश दोन निराळी रूपे मागते, आणि 'सी' म्हणजे 'जर', त्याच्या लगेच मागोमाग 'तेंद्रीआ' येत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

'सुबहुंतीवो'चा वर्तमानकाळ 'तेंगो'च्या ग वरून निघतो आणि येथे तो ग सहाही रूपांत टिकतो: तेंगा, तेंगास, तेंगा, तेंगामोस, तेंगाइस, तेंगान. आपल्या विध्यर्थी 'असावा', 'मिळावे' यांच्या जागी तो येतो. नकारार्थी आज्ञाही याच रूपांनी होते. 'नो तेंगास म्येदो' म्हणजे भिऊ नकोस. होकारार्थी आज्ञा मात्र एका अक्षराची आहे: 'तेन क्विदादो', सांभाळून राहा. पूर्ण काळांत अडचण नाही, 'तेनीदो' हे कृदंत नियमित आहे आणि 'ए तेनीदो', 'आस तेनीदो' अशी त्याची रूपे साहाय्यक क्रियापदाने चालतात.

हे एक क्रियापद पक्के झाले की मान्तेनेर, ओब्तेनेर, देतेनेर, सोस्तेनेर आणि कोन्तेनेर ही सगळी भावंडे फुकटात मिळतात: मान्तेंगो, ओब्तूवे, देतेंद्रा. 'वेनीर' म्हणजे 'येणे' हेही वेंगो, व्येनेस, वेंद्रे असे याच वळणाने जाते, पण त्याचा 'इंदेफिनीदो' 'वीने' आहे, तिथे 'तूवे'ची चाल लावू नये. लिहिताना आणखी एक जागा चुकते. 'तेन' हे एकाक्षरी असल्यामुळे त्यावर आघातचिन्ह नसते, पण 'मान्तेन' या आज्ञेत ते ए वर लिहावेच लागते, नाहीतर न ने संपणाऱ्या शब्दांच्या नियमाप्रमाणे आघात 'मान'वर जाऊन पडेल.