जुन्या फियाटची बॅटरी बदलताना मूळ रूप कसे राखावे

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० किंवा तिचाच पुढचा अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी निगुतीने जपली आहे, त्यांच्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर बहुतेक वेळा सर्वप्रथम खटकते ती रंगीत प्लास्टिकची, मोठ्या अक्षरांची नवी बॅटरी. त्या काळची बॅटरी वेगळी दिसे. कडक काळ्या रबराची पेटी, वर ओळीने सहा बुचे, सेल एकमेकांना जोडणाऱ्या शिशाच्या उघड्या पट्ट्या आणि झाकणांच्या फटींत ओतलेले डांबर, असे तिचे रूप असे. हे रूप राखून गाडी रोज विश्वासाने सुरू व्हावी असे वाटत असेल, तर जुनी पेटी रिकामी करून तिच्या पोटात आजची बंदिस्त बॅटरी बसवणे हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण त्यात गाडीला एकही नवे भोक पाडावे लागत नाही आणि पुढेमागे सारे काही पूर्ववत करता येते.

जुनी बॅटरी काढण्यापूर्वी तिचे फोटो काढावेत आणि कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे हे लिहून ठेवावे. फियाटमध्ये ऋण टोक बॉडीला असते. परंतु मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत त्या काळी धन टोक बॉडीला जोडण्याची पद्धत होती, त्यामुळे एका गाडीवरची सवय दुसऱ्या गाडीवर वापरू नये. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे नंतरच्या काळातील यंत्र) बसवलेल्या गाडीत उलटी जोडणी झाली तर त्यातील डायोड क्षणात जळतात. बॅटरी सोडवताना बॉडीची वायर आधी काढावी आणि नवी जोडताना तीच शेवटी लावावी, म्हणजे दुसऱ्या टोकावर काम करताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

पेटी रिकामी करण्याचे काम घरी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आतील ॲसिड कातडी आणि डोळे जाळते, तळाशी साचलेला शिशाचा गाळ विषारी असतो, आणि डांबर मऊ करण्यासाठी ज्योत धरली तर सेलमध्ये अडकलेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊ शकतो. जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडून प्लेटा काढून धुतलेली पेटी, सुटी झाकणे, पट्ट्या आणि बुचे मागून घ्यावीत; शिसे व ॲसिड अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच जाईल, याची त्याच्याकडून खात्री करून घ्यावी. पेटी हाती आल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने ती पुन्हा धुवावी आणि फेस येणे पूर्ण थांबेपर्यंत हे करत राहावे, कारण कोपऱ्यात राहिलेले थोडेसे ॲसिडदेखील पुढे आतील तांब्याची वायर खाऊन टाकते.

पेटीच्या आत सहा कप्पे करणाऱ्या पाच भिंती असतात. त्या कापताना रबर ओले ठेवावे म्हणजे धूळ उडत नाही. नाकावर मास्क आणि हातांत मोजे असावेतच. तळाशी प्लेटा टेकण्यासाठी असलेल्या उंचवट्यांवर रबरी चटईचा तुकडा अंथरला की नवी बॅटरी हलत नाही. मधल्या भिंती गेल्यामुळे पेटीच्या बाजू थोड्या लवचीक होतात, म्हणून गाडीतील पकडपट्टी नंतर आवळताना पूर्वीइतका जोर लावू नये.

बॅटरी घेण्यापूर्वी पेटीची आतील लांबी, रुंदी आणि उंची मोजावी, व त्या मापांतून वायर आणि नटांसाठी वरच्या बाजूची जागा वजा करावी. येथे एक चूक वारंवार होते. यूपीएसची बॅटरी मापात बसते म्हणून घेतली जाते. पण ती थोडा प्रवाह दीर्घ काळ देण्यासाठी बनवलेली असते, आणि १०८९ सीसीच्या छोट्या इंजिनाचा सेल्फसुद्धा थंड सकाळी काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. म्हणून इंजिन सुरू करण्यासाठीच बनवलेली, काचतंतूच्या थरांत ॲसिड शोषून ठेवणारी एजीएम प्रकारची बॅटरी घ्यावी. लिथियमची बॅटरी वजनाने हलकी असली तरी डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुने यंत्र) आणि जुन्या कटआउटच्या (ते चार्जिंग आवरणाऱ्या पेटीच्या) चार्जिंगशी तिचे जुळत नाही, त्यामुळे मी ती सुचवणार नाही.

आता जोडणी. झाकणावरील दोन मुख्य शिशाच्या टोकांना खालून भोक पाडून पितळी बोल्ट बसवावा आणि तेथून आतील बॅटरीपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दाबून बसवलेल्या लगसह (वायरीच्या टोकावरील धातूच्या कडीसह) न्यावी. धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड असते, त्यामुळे झाकण फिरवून बसवण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. सहा सुटी झाकणे खालून बेकेलाइटच्या पातळ पत्र्यावर चिकटवली की वरचा सगळा भाग एकसंध उचलता येतो, आणि तो पत्रा वरच्या पट्ट्या व आतील टोके यांच्यामध्ये आडोसा म्हणूनही उपयोगी पडतो. बॅटरी जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने दोन्ही मुख्य टोकांमध्ये कोठेही संपर्क नाही ना, हे तपासणे अत्यावश्यक आहे. पट्टीखाली शिशाचा एखादा तुकडा राहिला असेल तर तो येथेच सापडतो.

फटींत डांबर ओतण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. बंदिस्त बॅटरीही जास्त चार्ज झाल्यास वायू सोडते, त्यामुळे सहाही बुचांची छिद्रे मोकळी हवीत आणि झाकण उघडता आले पाहिजे. डांबराचा देखावा हवा असेल तर कडेने काळ्या सिलिकॉनची बारीक, खंडित रेघ पुरेशी आहे. आतील बॅटरीवरचे इशारे आणि तारखेचे लेबल मात्र काढू नये, आणि बॅटरी प्रत्यक्षात एजीएम आहे, तिच्यात पाणी घालायचे नाही, अशी चिठ्ठी झाकणाखाली ठेवावी. पुढचा मेकॅनिक सवयीने बुच उघडून डिस्टिल्ड वॉटर ओतणार, हे गृहीतच धरावे.

गाडीत बसवल्यावर टोकांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब काही तास विश्रांतीनंतर साधारण १२.७ व्होल्ट असावा. सेल्फ मारताना बाहेरील टोक आणि आतील बॅटरीचे तेच टोक यांच्यामध्ये मल्टीमीटर धरावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर लग किंवा बोल्ट ढिला आहे. मग इंजिन मध्यम वेगात ठेवून चार्जिंग पाहावे, कारण डायनॅमो रिकाम्या वेगात जवळजवळ चार्ज करतच नाही. मीटरवरील आकडा १३.८ ते १४.५ व्होल्टदरम्यान स्थिरावले तर उत्तम, तो १४.८ च्या वर जात असेल तर कटआउट जुळवून घेतल्याशिवाय गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये, कारण उघड्या बॅटरीत उडालेले पाणी भरून काढता येत असे, या बॅटरीत ती सोय नाही.