सायकलची घरगुती देखभाल: या चुका टाळा

सायकलला तेल लागतं, टायरला हवा लागते आणि नटबोल्ट घट्ट असावे लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो ‘किती?’ या प्रश्नावर. घरी देखभाल करणाऱ्यांच्या सायकली दुर्लक्षाने कमी आणि अतिउत्साहाने जास्त बिघडतात. तेल ओतलं जातं, हवा ठासून भरली जाते, बोल्ट कचकचून आवळला जातो आणि गिअर पडेना झाला की हाताला लागेल तो स्क्रू फिरवला जातो.

चेनला तेलाची आंघोळ

चेन बाहेरून चमकत असेल तर ती बहुधा चुकीच्या जागी चमकते आहे. घासाघीस होते ती पिन आणि रोलर यांच्यामध्ये, आतल्या बाजूला. बाहेरच्या पट्ट्यांवरचं तेल गंजापासून थोडं संरक्षण देतं, पण त्याहून जास्त धूळ धरून ठेवतं. तेलात कालवलेली बारीक वाळू म्हणजे पॉलिश पेपरचा लगदाच. तो चेनही खातो आणि कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे) दातेही.

आधी जुनी घाण काढा. चेनचा खालचा पदर कोरड्या फडक्यात चिमटीत धरा आणि पेडल उलटं फिरवा. फडक्याची जागा बदलत राहा, डाग फिका होईपर्यंत. चेन अगदीच काळीकुट्ट असेल तर डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) वापरा, पण नंतर पाण्याने धुऊन ती पूर्ण वाळू द्या. रोलरच्या आत डीग्रीझर उरलं तर नवं तेलही पातळ होऊन निघून जातं. मग जोडकडी (चेनची दोन टोकं जोडणारी वेगळी दिसणारी कडी) शोधा, म्हणजे फेरी कुठे संपली ते कळेल. तिथून सुरुवात करून खालच्या पदराच्या वरच्या अंगाला, प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका. चेनला शंभर-सव्वाशे कड्या असतात, त्यामुळे सगळं मिळून छोटा चमचाभर तेल पुरतं. दोन-तीन मिनिटं पेडल उलटं फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल पुसून काढा. ही शेवटची पायरीच सर्रास गाळली जाते. पुसल्यावर चेनवरून बोट फिरवलं तर हलकासा डाग पडावा, बोट माखू नये. मेणाचं वंगण असेल तर ते रात्रभर वाळू द्यावं लागतं, आणि ते नीट बसायला चेन तेलमुक्त असावी लागते.

डब्ल्यूडी-४० बद्दलचा गैरसमज जुना आहे. नावातल्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थच पाणी हटवणं असा आहे. गंजलेला बोल्ट सोडवायला, भिजलेल्या भागातलं पाणी काढायला ते उत्तम. पण त्या नेहमीच्या फवाऱ्याने चेनमधलं जुनं वंगण धुतलं जातं आणि मागे राहणारा थर फार काळ टिकत नाही. वापरायचंच असेल तर सफाईसाठी वापरा आणि नंतर चेनचं तेल घाला. ग्रीसचा त्रास उलट्या बाजूने: ते इतकं जाड असतं की रोलरच्या आत शिरतच नाही. शिलाई मशीनचं तेल आत शिरतं, पण दोन-चार राइडमध्ये संपतं.

चेन तुटेपर्यंत वापरणं

चेन ‘ताणली’ जाते असं आपण म्हणतो, पण पट्ट्या लांबत नाहीत. पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी फट वाढते. नव्या चेनमध्ये पिनपासून पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. त्यामुळे मोजायला साधी पोलादी पट्टीही चालते. चेन ताणून धरा, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि २४ अंतरं मोजा. नव्या चेनमध्ये पंचविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर झीज ०.५ टक्क्याच्या आसपास आहे, १/८ इंच पुढे असेल तर १ टक्का. ११ आणि १२ स्पीडच्या (मागे तेवढ्या चकत्या असलेल्या) चेन ०.५ टक्क्यालाच बदलाव्यात. १० स्पीड आणि त्याखालच्या ०.७५ टक्क्यापर्यंत चालतात.

एक टक्क्याच्या पुढे गेल्यावर चेन एकटी बदलून भागत नाही. झिजलेल्या चेनने कॅसेटचे दाते आपल्या मापाने घासून घेतलेले असतात. त्यावर नवी चेन बसवली की जोर देताच ती दात्यांवरून उडते, आणि हे नेमकं रोज वापरातल्या दोन-तीन चकत्यांवरच होतं. अशा वेळी ‘नवी चेनच खराब निघाली’ म्हणून ती परत करायला जाण्यात अर्थ नाही.

गिअर पडेना, म्हणून स्क्रूला हात

मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर) एच आणि एल अशी खूण असलेले दोन स्क्रू असतात. ते दिसतात समोर आणि फिरवायलाही सोपे, म्हणून पहिला बळी त्यांचाच जातो. पण मधले गिअर अडखळण्याशी त्यांचा काही संबंध नाही. ती फक्त कुंपणं आहेत. एच स्क्रू चेनला सर्वांत लहान चकतीच्या पलीकडे फ्रेमकडे जाऊ देत नाही, एल स्क्रू सर्वांत मोठ्या चकतीच्या पलीकडे स्पोकमध्ये पडू देत नाही. एल नको तितका सैल केला आणि चढावर हलका गिअर टाकला, तर डिरेलर चालत्या चाकात ओढला जातो. मग हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा), डिरेलर आणि स्पोक असा तिहेरी खर्च.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी मागे उभं राहून हँगर पाहा. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांतून जाणारी उभी रेघ कॅसेटच्या चकत्यांना समांतर दिसली पाहिजे. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर हँगर वाकल्याचा संशय सर्वांत आधी घ्या. वाकलेल्या हँगरवर कितीही ट्यूनिंग केलं तरी एका टोकाचे गिअर जमतात आणि दुसऱ्या टोकाचे बिघडतात. हँगर सरळ असेल तर केबल पाहा: बाहेरच्या आवरणाच्या टोकाशी गंज, फाटलेल्या तारा, शिफ्टरपाशी (हँडलवरच्या गिअरच्या खटक्यापाशी) पिंजलेलं टोक. हे दोन्ही ठीक असेल तरच केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या नळीकडे, म्हणजे बॅरल अ‍ॅडजस्टरकडे वळा.

चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर केबल सैल आहे. बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा, पेडल मारत गिअर बदलून पाहा, लागलं तर आणखी पाव. लहान चकतीवर उतरायला वेळ लागत असेल तर बॅरल घड्याळाच्या दिशेने फिरवा. त्यानेही फरक पडला नाही तर आवरणात घाण साचून केबल अडकते आहे, आणि ती बदलणंच बरं. एका वेळी दोन-तीन फेऱ्या फिरवल्या की आपण कुठून निघालो तेच विसरायला होतं. नवी केबल टाकल्यावर आवरण आणि त्याच्या टोकांच्या टोप्या जागेवर बसेपर्यंत ताण थोडा उतरतो, त्यामुळे पहिल्या काही राइडनंतर पाव-अर्धी फेरी द्यावीच लागते. तो बिघाड समजू नका.

डिस्क ब्रेकला तेलकट हात

चेनसाठी मारलेला फवारा डिस्कवर उडाला की ब्रेक किंचाळायला लागतो आणि पकड जाते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्याने पुसा. पॅड वरवर डागाळला असेल तर पॉलिश पेपरवर घासून वाचू शकतो, तेल आत मुरलं असेल तर नवाच घ्या. नवे पॅड टाकल्यावर लगेच घाटात उतरणं ही त्यापुढची चूक. ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्या, ब्रेक दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक जाम होऊ देऊ नका. हे वीसेक वेळा केलं की पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकमध्ये चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात. मग चाक बसतच नाही. प्लास्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) पॅड हळूच मागे ढकला, स्क्रूड्रायव्हर घालू नका. चाक काढून सायकल गाडीत ठेवायची असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा अडकवावा. ब्रेक ऑइलमध्ये मात्र कसलीही तडजोड नको. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, इतर काहींना डॉट द्रव लागतो. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. कोणतं घालायचं ते बहुधा लिव्हरच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

टायरवरचा आकडा म्हणजे आदेश नव्हे

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो. दरवेळी तिथपर्यंत हवा भरली की टायर खड्ड्याखड्ड्यावर उसळतो, पकड कमी होते आणि हात बधिर होतात. ७० किलोच्या चालकाने ट्यूब असलेल्या २८ मिमी टायरला साधारण ६५ ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), ३२ मिमीला ५० ते ६०, आणि २.२ इंची एमटीबी (डोंगरी सायकल) टायरला २५ ते ३२ यांपासून सुरुवात करावी. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा तीन-चार पीएसआय कमी ठेवा. हुकलेस रिमवर (जिच्या कडेला टायर धरणारी आकडी नसते) ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयची मर्यादा कधीच ओलांडू नये.

हवा फार कमी असेल तर ट्यूब टायर आणि रिमच्या कडेत चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. सापाच्या दातांसारखी ही जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, हवा तपासा. भोक एकच असेल आणि ते रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली असते. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच अजूनही टायरमध्येच आहे. ती न काढता नवी ट्यूब घातली की दहाव्या मिनिटाला पुन्हा पंक्चर. म्हणून टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्वपाशी आणा. मग ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरवरची जागा आपोआप कळते. आतून फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा.

पॅच न चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा घाई. ट्यूब घासून खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा थोडा मोठा लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. ते ओलं दिसत असताना पॅच लावायचा नसतो.

टायर मागवताना ‘२६ इंच’ एवढंच सांगू नका. २६ × १ ३/८ टायर बहुधा ५९० मिमीच्या रिमवर बसतो, २६ × १.७५ मात्र ५५९ मिमीच्या. दोन्ही २६च, पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. जुन्या टायरच्या बाजूवर ४७-५५९ अशी जोडी शोधा आणि तीच सांगा.

आवळण्यातल्या गफलती

हँडल पुढे-मागे हलवलं की खडखड होते, म्हणून स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या पुढच्या तुकड्याच्या) वरची टोपी आवळली जाते. स्टेमचे बाजूचे बोल्ट घट्ट असताना त्या टोपीने काहीच साधत नाही. आधी बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करा. मग टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळा, फक्त प्ले (ढिलेपणा) जाईपर्यंत. हँडल चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आळीपाळीने, साधारण ५ न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करा. नेमका आकडा स्टेमवर छापलेला असतो. पुढचं चाक उचलून सायकल किंचित कलती केली की हँडल आपोआप बाजूला वळलं पाहिजे. मध्येच अडत असेल तर टोपी जास्त आवळली गेली आहे.

पेडलचं गणित सोपं आहे, तरी क्रँकचे (पेडल ज्या दांड्यावर बसतं त्याचे) आटे दरवेळी कुणाचे तरी जातातच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वर उभा धरा: पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल घट्ट होतात, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतात. आतल्या बाजूने अ‍ॅलन की लावत असाल तरी हाच नियम. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्या बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर पेडल तिरकं गेलं आहे किंवा डावं-उजवं बदललं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकवर जोर करून काही उपयोग नाही.

क्विक रिलीज (चाक झटपट काढता येणारा लिव्हर) हा नट नव्हे. लिव्हर गरागरा फिरवून घट्ट करायचा नसतो, तो मिटायचा असतो. समोरचा नट असा बसवा की लिव्हर अक्षाच्या रेषेत सरळ बाहेर आला असताना विरोध जाणवू लागेल. मग तळहाताने तो मिटा. तळहातावर लिव्हरचा ठसा उमटला तर बरोबर.

कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस लावू नका, खरखरीत कार्बन पेस्ट लावा, म्हणजे कमी आवळूनही ती सरकत नाही. याउलट स्टीलच्या फ्रेममधली अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट ग्रीसशिवाय ठेवली तर घामा-पावसाने दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि ती निघता निघत नाही.

आवाज एकीकडे, दुखणं दुसरीकडे

कटकट आवाज आला की बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या अक्षाचं बेअरिंग) उघडायची घाई होते, कारण पोकळ फ्रेममधून सगळे आवाज तिथूनच आल्यासारखे वाटतात. आधी उभं राहून पेडल मारा. आवाज गेला तर दोषी सीट किंवा सीटपोस्ट. पेडल न मारता हँडल ओढल्यावर येत असेल तर स्टेम किंवा हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग). पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर पेडल काढून आटे पुसा आणि ग्रीस लावून परत बसवा, मग चेनरिंगचे (पेडलजवळच्या मोठ्या चकतीचे) बोल्ट पाहा, आणि त्यानंतरच ब्रॅकेट. पेडलच्या दोन-तीन फेऱ्यांतून एकदाच ‘टक्’ होत असेल तर चेनमधली एखादी कडी आखडलेली आहे. पेडल सावकाश उलटं फिरवत डिरेलरच्या खालच्या छोट्या चाकाकडे पाहत राहा. तिथून जाताना जी कडी वाकायला नकार देऊन उडी मारते, ती दोन्ही हातांनी धरून आडवी, इकडून तिकडे लवचिक होईपर्यंत हलवा आणि तिच्या पिनवर तेलाचा एक थेंब सोडा.