सेंदाई विमानतळ: तोहोकूत नव्याने येणाऱ्यांसाठी

ईशान्य जपानच्या तोहोकू भागातील सेंदाई शहरात, तोहोकू विद्यापीठात शिकायला किंवा भोवतालच्या मियागी प्रांतातील एखाद्या कंपनीत रुजू व्हायला येणाऱ्या मराठी मंडळींना पहिली सूचना अशी, की दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जपानमध्ये प्रथमच येत असाल, तर सेंदाईऐवजी नारिता, हानेदा किंवा कान्साई विमानतळावर उतरावे. झाइर्यू कार्ड, म्हणजे येथील निवासाचे ओळखपत्र, जागच्या जागी देण्याची सोय मोजक्याच विमानतळांवर आहे आणि त्यांत सेंदाई नाही. सेंदाईला उतरल्यास पारपत्रावर ‘कार्ड नंतर मिळेल’ अशी नोंद होते, आणि राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड कचेरीत पत्ता नोंदवल्यावर कार्ड टपालाने येते. तोवर बँकेचे खाते आणि मोबाइलची जोडणी सहसा रखडते. हानेदाहून सेंदाईला विमान शोधत बसू नये, कारण टोक्योहून शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुमारे दीड तासात पोहोचवते.

एकदा कार्ड हाती आले, की हाच विमानतळ फार सोयीचा वाटू लागतो. सोल आणि तैपेईची विमाने येथून सुटत असल्याने सुट्टीत घरी जाताना टोक्यो टाळता येते. मात्र निघताना पुनर्प्रवेशाच्या अर्जावर ‘तात्पुरता बाहेर जात असून परत येणार आहे’ या चौकटीत खूण करून कार्ड दाखवायला विसरू नये. ती खूण राहिली, तर निवासाचा हक्कच संपुष्टात येऊ शकतो. परतताना घरून बांधून दिलेले आंबे किंवा ताजा कढीपत्ता आणण्याचा मोह आवरावा, कारण वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय असा माल आत येऊ दिला जात नाही.

शहरात जाण्यासाठी टॅक्सीची गरज नाही. टर्मिनलच्या दुसऱ्या मजल्याला जोडूनच रेल्वे स्थानक आहे, सुइका हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासी कार्ड चालते आणि सेंदाई स्थानक साधारण 25 मिनिटांवर आहे. फक्त गाड्या मुंबईच्या लोकलसारख्या पाठोपाठ नसतात, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच निघावे.

समुद्र येथून जेमतेम एक किलोमीटरवर आहे. 11 मार्च 2011 रोजी त्सुनामीचे पाणी टर्मिनलमध्ये तीन मीटरपर्यंत चढले, आणि त्या पातळीची खूण आतल्या खांबावर केलेली आहे. तिच्याखाली उभे राहिले, की पाणी डोक्यावरून किती वर गेले असते ते कळते. त्या दिवशी वरच्या मजल्यांवर गेलेले शेकडो लोक बचावले. म्हणून त्सुनामीचा इशारा मिळाल्यास रस्त्याकडे न धावता इमारतीतच वर जावे. सुमारे महिन्याभराने, 13 एप्रिलला, येथे पुन्हा प्रवासी विमाने उतरू लागली, हे मला आजही नवलाचे वाटते.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी सावध असावे. येथील प्रसिद्ध ग्यूतान म्हणजे गाईची जीभ, आणि बांबूच्या पानाच्या आकाराचे निरुपद्रवी दिसणारे सासाकामाबोको माशाचे असते. कोवळे हिरवे सोयाबीन साखर घालून वाटलेले झुंदा मात्र पुरणाच्या जवळ जाणारे आहे, आणि ते मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांवर, घातलेले मिळते.