मुंबईत प्राथमिक शिक्षक व्हायचे असेल, तर कोणती पदवी घ्यावी?

दरवर्षी उन्हाळ्यात, बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की, आमच्या अध्यापक विद्यालयाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो : "बाई, बी.ए. झालंय, आता बी.एड. केलं की पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवता येईल ना?" या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि ते दोन वर्षे व फीचे पैसे खर्च होण्यापूर्वी कळावे, एवढ्यासाठीच हे टिपण लिहिले आहे. विद्यापीठाची पदवी आणि प्राथमिक शिक्षकाची पात्रता या दोन गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून येतात, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात त्यांची गाठ घालून घ्यावी लागते, आणि ती कशी घालायची हे आपण कोणत्या इयत्तेला शिकवणार यावर ठरते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेद्वारे बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. ती अधिसूचना आधी राजस्थान उच्च न्यायालयाने आणि पुढे ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अग्राह्य ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र निराळे असते व बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी आखलेला नाही, हे त्या निकालाचे सार होय. बी.एड.ची पदवी हाती असलेल्या अनेकांना हा निकाल अन्यायाचा वाटला. मला मात्र तो शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने रास्त वाटतो. आठवीला भूमिती उत्तम शिकवणारा माणूस सहा वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कशी धरवावी या प्रश्नापाशी अडखळताना मी पाहिला आहे.

म्हणून आधी इयत्ता ठरवावी, अभ्यासक्रम मागाहून निवडावा. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका (पूर्वीचे डी.एड.) किंवा प्राथमिक शिक्षणाचीच चार वर्षांची पदवी लागते. सहावी ते आठवीसाठी मात्र पदवी आवश्यक आहे आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. यांपैकी काहीही चालते. एरवी मार्ग कोणताही असो, त्यापुढे शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सर्वांनाच आहे.

चार वर्षांच्या पदवीचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली सुरू केलेली बी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदवी. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आयटेप, म्हणजे चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम आला असून त्याची प्रायोगिक सुरुवात २०२३-२४ मध्ये झाली. त्यात आठ सत्रे असतात. प्रवेश घेताना पायाभूत, पूर्वतयारी, पूर्व माध्यमिक आणि माध्यमिक यांपैकी एक स्तर निवडावा लागतो, आणि नेमकी येथेच घाई होते. पायाभूत स्तरात बालवाटिका आणि पहिली-दुसरी येते, तर पूर्वतयारी स्तरात तिसरी ते पाचवी. लहान मुलांची आवड असल्याचे सांगून माध्यमिक स्तर निवडणाऱ्याने चार वर्षांनंतर तक्रार करण्यात अर्थ नाही. प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी यंत्रणा घेत असलेली एनसीईटी ही परीक्षा द्यावी लागते. तिच्यात भाषा, निवडलेले विषय, सामान्य ज्ञान व अध्यापन अभिक्षमता असे भाग असतात. २०३० पर्यंत शिक्षकासाठी हीच किमान पदवी असावी, असे धोरणात म्हटले आहे. कोणत्या संस्थेला कोणत्या स्तरासाठी मान्यता आहे, ही माहिती मात्र संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर विसंबून न घेता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या यादीत त्या वर्षापुरती पडताळून घ्यावी.

मुंबईतील बहुसंख्य मुलामुलींसाठी अधिक हाताशी असलेला मार्ग दुसराच आहे : आधी डी.एल.एड. आणि नंतर पदवी, किंवा आधी पदवी आणि नंतर डी.एल.एड. महाराष्ट्रात डी.एल.एड.ला प्रवेश परीक्षा नाही. बारावीच्या गुणांवर केंद्रीय पद्धतीने गुणवत्ता यादी लागते, आणि खुल्या प्रवर्गाला किमान ४९.५ टक्के, तर राखीव प्रवर्गाला ४४.५ टक्के गुण लागतात. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीला मी बहुधा हाच क्रम सुचवते : पदविका पूर्ण करून नोकरी धरावी आणि पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणातून घ्यावी. ज्यांचे लक्ष्य सहावी ते आठवी आहे, त्यांनी पदवीनंतर बी.एड. करावे. त्यासाठीची राज्य सीईटी शंभर प्रश्नांची आणि नव्वद मिनिटांची असते : मानसिक क्षमता चाळीस, सामान्य ज्ञान तीस, शिक्षक अभिक्षमता तीस. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. धोबी तलावजवळचे १९०६ पासूनचे शासकीय सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज, मरीन लाइन्सची सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट, विद्याविहारचे सोमय्या आणि केवळ महिलांसाठी असलेले एसएनडीटीचे पीव्हीडीटी महाविद्यालय ही या वाटेवरची परिचित नावे होत. जातीचा दाखला, वैध नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे मार्चमध्येच काढून ठेवावीत. प्रवेशफेरीच्या आठवड्यात तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहण्याची वेळ दर वर्षी कुणावर तरी येतेच.

आता प्रशिक्षणाविषयी, कारण खरे शिकणे तेथेच होते. सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी, आणि एका वेळी एकच कौशल्य : प्रश्न विचारणे, फलकलेखन किंवा प्रबलन, म्हणजे योग्य प्रतिसादाला शाबासकी देणे. हे खोटेखोटे वाटते आणि पहिल्या आठवड्यात सगळे हसतातही. पण वर्गाकडे पाठ करून बोलण्याची सवय तेथेच मोडते. त्यानंतर शाळेतील आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावरचा सराव येतो. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये ती एकूण वीस आठवड्यांची असते : पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. या काळात पाठ टाचणाची, म्हणजे प्रत्येक तासाच्या आखणीची वही लिहावी लागते. ती कागदी उपचार म्हणून लिहिणारे छात्राध्यापक पुष्कळ असतात, आणि ते वहीतल्या पहिल्याच ओळीत ओळखू येतात. "विद्यार्थ्यांना वजाबाकीची माहिती देणे" असे ज्यांनी लिहिले असेल, त्यांनी शिक्षक काय करणार ते लिहिले आहे. "विद्यार्थी दशक सुटा करून दोन अंकी संख्यांची वजाबाकी करतो" ही अध्ययन निष्पत्ती, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता येईल ते झाले, आणि तास संपल्यावर ती तपासता येते.

मध्य मुंबईतील एका शाळेत एका छात्राध्यापिकेचा असाच तास मी मागच्या बाकावरून पाहत होते. फळ्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण होते आणि पहिल्या रांगेतील मुलाने उत्तर ३५ काढले. तिने ते खोडून २५ लिहिले आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली. तास संपल्यावर मी त्या मुलाला विचारले, तेव्हा तो ठामपणे म्हणाला, "बाई, मोठ्यातून लहान जातो ना? सातातून दोन गेले, पाच." त्याने चूक केली नव्हती; शिकवलेला नियम प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी वापरला होता. दुसऱ्या दिवशी त्या छात्राध्यापिकेने आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्यांतून सात सुट्या काड्या मागितल्या. मुलाने दोन काड्या दिल्या, थोडा वेळ गठ्ठ्यांकडे पाहिले आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढले. "हातचा घेणे" म्हणजे काय, ते त्या रबरात होते. आंतरवासितेत अशा दोन-तीन चुका मुळापर्यंत जाऊन पाहिल्या, तर पंचवीस टाचणांपेक्षा अधिक उपयोग होतो.

मुंबईत याला भाषेचा एक पदर आहे. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात, आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलणारी मुले बसलेली असतात. अशा मुलाने "पाणी"ऐवजी "पानी" किंवा "शाळा"ऐवजी "शाला" लिहिले, तर लाल शाईची रेघ ओढण्याआधी हे लक्षात घ्यावे की ण आणि ळ हे उच्चार त्याच्या घरात कानावर फारसे पडत नाहीत. आधी ऐकवावे, म्हणवून घ्यावे, लिहायला नंतर सांगावे. अनेक शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. दुपारच्या अधिवेशनातील पहिलीच्या मुलांना चारनंतर गणित देऊ नये, हे कोणत्याही पुस्तकात नाही, पण वर्गावरच्या बाई सांगतात.

परीक्षांचा भाग थोडक्यात. टीईटीचा पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी असतो. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांचे प्रत्येकी तीस असे एकूण १५० गुण असतात. खुल्या प्रवर्गाला साठ टक्के, राखीव प्रवर्गाला पंचावन्न टक्के गुण मिळवावे लागतात, आणि प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य धरले जाते. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली आहे. त्यामुळे ती टाळून नोकरी मिळेल, असे सांगणाऱ्या दलालाकडे पाठ फिरवावी. शासकीय, महापालिका आणि अनुदानित शाळांतील नेमणुकीसाठी टीईटीनंतर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. दोनशे प्रश्नांना दोन तास मिळतात, आणि तयारी कमी पडते ती ज्ञानात नव्हे, वेगात. टीईटी आणि टेट या नावांत घोटाळा करून एकाची पुस्तके घेऊन दुसऱ्याला बसलेले उमेदवार मी पाहिले आहेत. टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षकभरतीच्या शासकीय संकेतस्थळावर पसंतीक्रम भरायचा असतो. तेथील स्वप्रमाणपत्रात दहावी, बारावी आणि व्यावसायिक पात्रतेचे माध्यम नोंदवावे लागते, म्हणून ती गुणपत्रके समोर ठेवूनच अर्ज भरावा. खासगी विनाअनुदानित शाळांची निवड स्वतंत्र असते आणि तेथे प्रात्यक्षिक पाठ घ्यावा लागतो. खडू, काड्या, चित्रपट्ट्या आपल्या आपण न्याव्यात.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात, आणि प्राथमिकसाठीचे मानधन २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये आहे. पूर्वीच्या सहा हजारांपेक्षा ते बरे आहे, पण मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला ते पुरत नाही. तेव्हा पसंतीक्रम भरतानाच लोकलचा पास आणि घरभाडे यांचा हिशेब मांडून ठेवावा. ज्यांनी डी.एल.एड.नंतर पदवी घ्यायची ठेवली असेल, त्यांनी ती याच तीन वर्षांत मुक्त विद्यापीठातून पूर्ण करावी, कारण पुढे सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकाच्या जागेसाठी तीच लागते.